दुरुस्तीनंतर गाडी चालूच होईना, कोणाचं खरं मानायचं?

प्रश्न: एका वाचक ताईंची पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे. टायमिंग बेल्ट बदलायची वेळ झाली म्हणून त्यांनी ती नेहमीच्या मेकॅनिककडे दिली. बेल्टबरोबर वॉटर पंप आणि क्रँकचं (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं) पुढचं ऑइल सीलही बदललं. गाडी त्यांनी स्वतः चालवत नेली होती आणि तेव्हा तिची काही तक्रार नव्हती. काम झाल्यापासून मात्र ती चालू होत नाही. सेल्फ फिरतो, इंजिन फिरतं, पण पकडत नाही. ‘आवाज पूर्वीपेक्षा पातळ वाटतो, पण तो माझा भास असेल,’ असं त्या लिहितात. मेकॅनिकने बऱ्याचदा सेल्फ मारून पाहिला, धक्का देऊनही पाहिलं. आता तो म्हणतो की टाकीतला फ्युएल पंप गेला, हा निव्वळ योगायोग आहे, नवा मागवू या. चुलत दीर म्हणतात, ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, उडाला. यजमान म्हणतात, हा माणूस फसवतोय, गाडी उचलून दुसरीकडे नेऊ. ‘मला गाडीतलं काही कळत नाही. तिघांपैकी कोणावर विश्वास ठेवू?’ असा ताईंचा प्रश्न आहे.

उत्तर:

ताई, पुढचं सगळं सावकाश वाचा, पण आधी मेकॅनिकला एक फोन करा. ‘मी तिथे येईपर्यंत सेल्फ मारू नका आणि धक्का तर अजिबात देऊ नका,’ एवढं त्याला सांगा. तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही भास म्हणून सोडून दिली आहे. आवाज पातळ झालाय, ही ती गोष्ट.

चांगल्या इंजिनावर सेल्फ मारला की एक ठेका ऐकू येतो. एकेका सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना कोंडलेली हवा दाबत जातो, तेवढ्यापुरता सेल्फला जोर लावावा लागतो, मग तो सुटतो आणि पुढच्या सिलिंडरला पुन्हा अडतो. म्हणून घर्र, घर्र, घर्र असा चढउतार असतो. हवा कोंडलीच गेली नाही तर सेल्फला अडायला काही उरत नाही. वायसर गेलेल्या सायकलच्या पंपाचा दांडा जसा जोर न लावताच खाली जातो, तसा तो मोकळा फिरतो आणि एकसलग, चढ्या पट्टीतला भर्रर्र आवाज येतो. हवा न कोंडण्याचं एक मोठं कारण म्हणजे व्हॉल्व्ह नको त्या वेळी उघडे राहणं. व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, हे ज्या पट्ट्याच्या हातात असतं तो टायमिंग बेल्ट. नेमका तोच तुमच्या गाडीत आत्ता बदलला आहे.

बेल्ट चुकीचा बसलाच आहे, असा निकाल मी देत नाही. पातळ आवाजाची दुसरीही कारणं असतात. बॅटरी नुकतीच चार्ज केली असेल किंवा दुसऱ्या गाडीवरून केबल जोडली असेल तर निरोगी इंजिनही नेहमीपेक्षा जोरात फिरतं. वारंवार सेल्फ मारल्याने न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन नेतं, त्यानेही कॉम्प्रेशन, म्हणजे कोंडलेल्या हवेचा दाब, उतरतं. पण शंका आहे तोवर इंजिन फिरवणं थांबायलाच हवं. बऱ्याच इंजिनांत उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. वेळ चुकली की ते एकमेकांवर आपटतात आणि व्हॉल्व्ह वाकतो. काही इंजिनांत दोघांमध्ये पुरेशी जागा ठेवलेली असते, तिथे बेल्ट चुकला तरी आत काही बिघडत नाही, पुन्हा नीट बसवला की गाडी चालू होते. तुमचं इंजिन कोणत्या प्रकारचं आहे, हे मॉडेलवरून मेकॅनिकला ठाऊक असेल किंवा काढता येईल. धक्का देणं मला जास्त धोक्याचं वाटतं. त्यात चाकांचा जोर गिअरमधून थेट इंजिनवर येतो, बेल्ट चुकला असेल तर जे हळू आपटलं असतं ते जोरात आपटतं. शिवाय कच्चं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि नंतर गाडी चालू झाली की तिथे पेटून तो खराब करू शकतं.

आता तुमचा प्रश्न. कोणावर विश्वास ठेवू, असं तुम्ही विचारता, आणि मला तो प्रश्नच थोडा बदलून हवा आहे. तिघांनीही तुम्हाला निकाल सांगितला आहे. काय पाहिलं, काय मोजलं, हे एकानेही सांगितलेलं नाही. माणसांतून निवड करायची गरज तुम्हाला वाटते, कारण गाडीतलं कळत नाही अशी तुमची समजूत आहे. पण नऊ वर्षं जी गाडी तुम्ही चालवली तिचा आवाज बदलल्याचं तिथे फक्त तुम्हाला कळलं. ‘हे तुम्हाला कशावरून समजलं?’ एवढं विचारायला इंजिन उघडता येण्याची गरज नाही. ज्याने मोजलं असेल तो आकडा दाखवेल. ज्याने मोजलं नसेल तो अनुभवाचा हवाला देईल. अनुभवाला मी कमी लेखत नाही, चांगल्या मेकॅनिकला अर्धा रोग ऐकूनच कळतो. पण पार्ट मागवण्याआधी त्यानेही खात्री करावी, ही मागणी रास्त आहे.

यजमानांच्या संशयाबद्दल दोन शब्द. ज्याला फसवायचं असतं तो गाडी चालू करून देतो आणि बिल फुगवतो. बंद गाडी त्याची जागा अडवते, इतर गिऱ्हाइकांना दिसते, त्याची झोप उडवते. मला हा माणूस लबाड वाटत नाही, गोंधळलेला आणि ओशाळलेला वाटतो. तुम्ही मात्र सावध राहायला हवं, कारण असा माणूस ‘हे बदलून बघू, ते बदलून बघू’ या वाटेला लागतो. प्रत्येक वेळी हेतू चांगलाच असतो आणि बिल तुमचं वाढत जातं. विजेवर चालणारे पार्ट बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, हेही लक्षात असू द्या.

योगायोगाचं काय? योगायोग होतात. नऊ वर्षांच्या गाडीत पंप कधीही जाऊ शकतो, टाकी सतत तळाला ठेवून चालवलेल्या गाडीत तर लवकरच, कारण पंपाला थंडावा त्या पेट्रोलचाच मिळतो. तरीही जी गाडी कामाला चालत आली आणि कामानंतर उभी राहिली, तिच्यात आधी तपासायचं ते हात लागलेलं. म्हणजे फक्त बदललेले पार्ट नव्हेत, त्यांच्यापर्यंत पोचायला जे जे काढलं ते सगळं: इंजिनाचं माउंटिंग, अर्थिंगची पट्टी, हवेचा पाइप, सेन्सरचे कपलर (वायरी जोडणारे खटक्याचे जोड), वायरिंगच्या क्लिपा. नऊ वर्षं उष्णता खाल्लेलं कपलरचं प्लास्टिक ठिसूळ होतं, काळजीने काढलं तरी त्याचा खटका तुटतो. त्यात दरवेळी निष्काळजीपणा असतोच असं नाही.

या यादीत एक वस्तू मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय की नाही, पिस्टन कुठे आहे, हे ईसीएमला तोच सांगतो. बऱ्याच इंजिनांत तो पुढच्या बाजूला, क्रँकच्या पुलीजवळच बसतो, म्हणजे बेल्ट आणि सीलच्या कामात हात त्याच्यापाशीच असतो. (काहींत तो मागे फ्लायव्हीलकडे असतो, मग त्याच्यावरचा संशय कमी होतो.) कपलर अर्धवट लागला, वायर कव्हरखाली चेपली, सेन्सर ज्या दातेरी चकतीवरून वाचतो ती वाकली किंवा उलटी बसली, तर ईसीएमला इंजिन फिरत असल्याचं कळतच नाही.

मग काय होतं बघा. किल्ली चालू केली की बहुतेक गाड्यांत फ्युएल पंप दोन-तीन सेकंद चालतो आणि थांबतो. तो पुन्हा सुरू होतो तो क्रँक सेन्सरचा सिग्नल आल्यावरच. सिग्नल नाही तर सेल्फ मारताना पंप गप्प. बघणारा म्हणतो, पंप गेला. प्लगला करंट नाही, इंजेक्टर उघडत नाहीत. बघणारा म्हणतो, ईसीएम उडाला. मेकॅनिकने आणि तुमच्या दिरांनी जे सांगितलं ते दोन्ही एकाच सैल कपलरमुळे तसं दिसू शकतं. दोघांनी खोटं सांगितलेलं नाही, पण दोघेही परिणामाला कारण समजून बसले असण्याची शक्यता आहे. पातळ आवाजाचं उत्तर मात्र हा सेन्सर देत नाही. म्हणून तुमच्या गाडीत मला दोन धागे दिसतात आणि दोन्ही तपासून घ्यायला हवेत.

गॅरेजमध्ये गेल्यावर बोलणं असं काही सुरू करा: ‘दादा, पंप गेला असेल तर मी बदलून घेईन, माझी ना नाही. पण तो मागवण्याआधी बेल्टच्या खुणा माझ्यासमोर जुळवून दाखवा आणि पंपाचं प्रेशर लावून आकडा दाखवा.’ स्वर शांत ठेवा. यजमान सोबत असतील तर फसवणुकीचा शब्द त्यांनी त्या दिवशी काढू नये. एकदा तो शब्द निघाला की समोरचा माणूस बिघाड शोधायचं सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो.

सुरुवात स्कॅनरने, म्हणजे ईसीएमने नोंदलेले दोष वाचणाऱ्या यंत्राने, करता येते, कारण साठलेले कोड वाचायला सेल्फ मारावा लागत नाही, किल्ली चालू केली की पुरे. पी ०३३५ असा कोड असेल तर क्रँक सेन्सरच्या सर्किटमध्ये दोष, पी ०३४० असेल तर कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, त्याच्या सेन्सरच्या. पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही, आणि बेल्टच्या कामानंतर हा कोड आला की आधी बेल्टच बघायचा. कोड नाही म्हणजे दोष नाही, असं मात्र समजू नका. चुकलेल्या बेल्टचा कोड येईलच अशी खात्री नसते.

मग खुणा, म्हणजे क्रँक आणि कॅमच्या गिअरवरच्या, बेल्ट बसवताना जुळवायच्या. बेल्टचं वरचं कव्हर काढायचं, प्लग काढायचे, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने, त्याच्या नेहमीच्या दिशेनेच, सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवायचं. दोन अशासाठी की क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, त्यामुळे दोन फेऱ्यांनंतर दोन्हीकडच्या खुणा परत जागेवर आल्या पाहिजेत. प्लग काढलेले असल्याने हवेचा अडथळा नसतो. तरीही पाना कुठे कडक अडला तर तिथेच थांबायचं, जोर लावायचा नाही, कारण तिथे धातूला धातू भिडलेला असू शकतो.

या खुणांमध्ये जाणते लोकही फसतात. काही इंजिनांत बाहेरच्या पुलीवरची खूण इग्निशनच्या टायमिंगसाठी असते आणि बेल्टची खूण आतल्या गिअरवर, ऑइल पंपाच्या अंगावरच्या खुणेसमोर येणारी. बाहेरची धरून बेल्ट बसवला की काही दात चुकतात. काही इंजिनांत खुणा पुरेशा नसतात, क्रँक आणि कॅम खास पिना घालून लॉक करावे लागतात आणि त्या न वापरता अंदाजाने काम उरकलं की गडबड होते. नव्या बेल्टवर पांढऱ्या रेघा छापलेल्या असतात, त्या दोन फेऱ्यांनंतर जागेवर येत नाहीत. त्यावरून भांडू नका, त्या फक्त बसवतानाच्या असतात, पाहायच्या त्या गिअरवरच्या खुणा. आणि खुणा जुळूनही शंका राहिली तर क्रँकचा गिअर जागेवर धरणारी छोटी लोखंडी ‘की’ (खाचेत बसणारा तुकडा) शाबूत आहे का, हे विचारा. क्रँकचा बोल्ट पुरेसा घट्ट नसेल तर ती ‘की’ कापली जाते आणि सगळं गणित सरकतं. एक दात चुकलेली गाडी बऱ्याचदा चालू होते, पण थरथरते आणि ओढत नाही. अजिबात पकडत नसेल तर चूक बहुधा त्याहून मोठी असते.

प्लग काढलेलेच आहेत, तर ते हातात घेऊन बघा. ही तपासणी फुकट आहे. इतक्या वेळा सेल्फ मारल्यानंतरही प्लग कोरडे ठणठणीत असतील तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचत नाही, म्हणजे मेकॅनिकच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं. ओले असतील, पेट्रोलचा वास मारत असतील, तर पेट्रोल येतंय आणि पंप गेला हे म्हणणं तिथल्या तिथे डळमळतं. मग बघायचा तो करंट. करंट बघायला टेस्टर लावू द्या. वायर हातात धरून ठिणगी पाहायची जुनी सवय आजच्या कॉइलच्या गाड्यांत माणसालाही धोक्याची आणि ईसीएमलाही. आजूबाजूला पेट्रोलची वाफ असते, हेही विसरू नये.

खुणा बरोबर निघाल्या किंवा बेल्ट पुन्हा नीट बसला, तरच कॉम्प्रेशन गेज लावून सेल्फ मारायचा. त्या वेळी पेट्रोल आणि प्लगचा करंट दोन्ही बंद ठेवायचं आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा. पेट्रोल इंजिनाला साधारण १० ते १३ बार असा आकडा यावा, त्याहून महत्त्वाचं म्हणजे सगळ्या सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. सगळेच थोडे कमी आले आणि सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पाहिल्यावर चढले, तर बहुधा भिंती पेट्रोलने धुतल्या गेल्यात, लगेच घाबरायचं कारण नाही. एखादा सिलिंडर शून्याच्या आसपास असेल आणि ऑइल घालूनही हलत नसेल, तर व्हॉल्व्ह वाकल्याची शंका घ्यावी लागेल आणि हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला इंजिनाचा वरचा भाग, उघडण्याची तयारी ठेवावी लागेल. हे वाचायला बरं वाटणार नाही, पण नवा पंप बसवल्यानंतर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं चांगलं.

कॉम्प्रेशन ठीक असेल तर जीव भांड्यात पडेल. मग उरतो क्रँक सेन्सर आणि पंप. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसायला हवेत, दीडशे-दोनशेच्या पुढे काहीतरी. इंजिन फिरतंय आणि स्क्रीनवर शून्य असेल तर सेन्सर, त्याचा कपलर, त्याची वायर, त्याची चकती. पंपासाठी कोणीतरी किल्ली चालू करावी आणि तुम्ही मागच्या सीटपाशी कान लावावा, दोन-तीन सेकंदांची गुणगुण येते का. येत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले, मग पंपाच्या कपलरवर करंट येतोय का. करंट येतोय, अर्थिंगही ठीक आहे आणि तरी पंप गप्प आहे, तर पंप गेला, खुशाल मागवा. गुणगुण येत असेल तर प्रेशर मोजा, तुमच्यासारख्या गाड्यांत ते बहुधा ३ ते ४ बार असतं, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल.

ईसीएम सगळ्यात शेवटी. तो जातो, पण क्वचित, आणि बहुतेकदा सबळ कारणाने: केबल उलट्या जोडल्या, गाडीवर वेल्डिंग केलं, आत पाणी गेलं. त्याआधी त्याचे फ्यूज आणि त्याचं अर्थिंग तपासायचं. दुसऱ्या गाडीचा ईसीएम लावून पाहू, असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. बहुतेक गाड्यांत तो किल्लीच्या इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) बांधलेला असतो, दुसरा लावला तर गाडी तशीही चालू होणार नाही आणि त्यातून काही सिद्धही होणार नाही.

बॅटरीचंही एक सांगून ठेवतो. दिवे लागतात म्हणजे बॅटरी चांगली, हे खरं नाही. दिव्यांना थोडा करंट लागतो, सेल्फला शंभर-दोनशे अँपिअर. पूर्ण चार्ज बॅटरी शांत असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती १० च्या बरीच खाली गेली तर सेल्फ कसाबसा फिरतो, पण ईसीएमला पुरेसं मिळत नाही. इतक्या वेळा सेल्फ मारल्यावर तुमची बॅटरी दमलेली असणारच. पुढच्या प्रत्येक तपासणीआधी ती चार्ज करून घ्या, नाहीतर खरा दोष निघाल्यावरही गाडी उठणार नाही आणि सगळे पुन्हा गोंधळात पडतील. सेल्फही एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नये, मध्ये त्याला गार होऊ द्यावं.

गाडी दुसरीकडे न्यावी का? माझं मत असं की खुणा तुमच्यासमोर पाहून झाल्याशिवाय हलवू नका. दुसऱ्या गॅरेजने कव्हर उघडून बेल्ट सैल केला की कोणाच्या हातून काय झालं हे कधीच कळणार नाही, आणि मग दोन्ही मेकॅनिक एकमेकांकडे बोट दाखवतील. खुणांचे फोटो काढा, जुना बेल्ट आणि जुना वॉटर पंप मागून घ्या, केलेल्या कामाची नोंद लेखी घ्या. मेकॅनिकने कव्हर उघडायलाच नकार दिला तर मात्र थांबू नका. गाडी ट्रकवर चढवून न्या. टोचन लावून ओढताना कोणी गिअर टाकून बघायचा मोह आवरत नाही, आणि तेच आपल्याला नको आहे. नव्या ठिकाणी तिघांचे निकाल सांगू नका, घडलं ते क्रमाने सांगा: चालत आली, बेल्ट, वॉटर पंप आणि सील बदललं, तेव्हापासून पकडत नाही, आवाज पातळ आहे, धक्का दिला होता. ‘पंप गेलाय म्हणतात’ असं कानावर पडलं की पुढचा माणूसही पंपापासूनच सुरुवात करतो.

खर्चाचं बोलणं हेड उघडण्याआधी करा, नंतर नव्हे. बेल्ट चुकीचा बसला असेल तर तो पुन्हा बसवण्याची मजुरी तुम्ही देऊ नये, आणि त्यामुळे व्हॉल्व्ह वाकले असतील तर ती जबाबदारीही काम करणाऱ्याचीच. हे स्पष्ट सांगा आणि ठरेल ते लिहून घ्या. जुनाट कपलर तुटला असेल तर मी मेकॅनिकला दोष देणार नाही, तो खर्च तुमचा. पंप मोजून गेलेला निघाला तर बिल आनंदाने द्या आणि यजमानांना त्याच्याशी दोन चांगले शब्द बोलायला सांगा.

इतर वाचकांचीही अशी पत्रं असतात, त्यांचं काम वेगळं झालेलं असतं. सेल्फ फिरतच नसेल आणि भराभर टिकटिक होत असेल, तर टर्मिनल किंवा बॅटरी. एकच जड ‘टक्’ होऊन सगळं थांबत असेल तर इंजिन आणि बॉडी यांच्यामधली अर्थिंगची पट्टी लावायची राहिली का ते पाहा, गिअरबॉक्स किंवा क्लचच्या कामानंतर हे फार वेळा होतं. हेड गॅस्केटच्या कामानंतर असं अडलं तर सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असू शकतं, प्लग काढून बघितल्याशिवाय पुन्हा सेल्फ मारू नका. प्लगच्या वायरी बदलल्या असतील आणि इंजिन फटफट आवाज करून मागे फेकत असेल तर वायरींचा क्रम चुकला, चार सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत तो १-३-४-२ असतो. बॅटरी काढून लावल्यावर सेल्फ फिरतो पण गाडी पकडत नाही आणि डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकतोय, तर दुसरी किल्ली लावून बघा. डिझेल गाडीचा फिल्टर बदलला आणि ती चालू होईना, तर लाइनने हवा धरली आहे, हातपंपाने हवा काढावी लागेल. कॉमन रेलच्या (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या) गाडीत मात्र इंजेक्टरकडच्या जाड पाइपांचे नट सैल करून हवा काढायचा प्रयोग कोणी करू नये. तिथलं प्रेशर शेकडो बारचं असतं, बारीक फवारासुद्धा कातडी फोडून आत जातो.

आणि ताई, गाडी चालू झाली की लगेच घरी निघू नका. डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलूनच निघा, पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन पळवू नये. वॉटर पंप बदललेला आहे, म्हणजे कूलंट काढून भरलेलं आहे आणि आत हवा अडकलेली असू शकते. गॅरेजमध्येच इंजिन चालू ठेवून हीटर पूर्ण गरमवर ठेवा. रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होईपर्यंत तापमानाच्या काट्यावरून नजर काढू नका. हीटरमधून गार हवा येत असेल तर कूलंटमधली हवा निघालेली नाही. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच झाकण उघडून कूलंटची पातळी बघा आणि कमी असेल तेवढं भरून घ्या.